नदी लांब आहे म्हणजे पाणी येणार नाही का? (विश्वामित्री, कोतरं आणि पूरमैदान)

नकाशेवाला

घरखरेदीच्या धाग्यावर नवखरेदीदार यांनी विचारलं होतं की बडोद्याच्या समा भागात बघितलेल्या फ्लॅटबद्दल दलाल म्हणतो, "नदी इथून लांब आहे, आणि आता पात्रही खोल केलंय, काळजी नको." उत्तर तिथेच लिहायला घेतलं, पण लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. माझी सगळी नोकरी जमिनीची मोजणी करण्यात गेली. लिखाण रुक्ष वाटलं तर सांभाळून घ्या.

दलाल अंतर सांगतोय. पाणी अंतर बघत नाही, उंची बघतं. नदीपासून पन्नास मीटरवरचं घर कोरडं राहतं आणि सातशे मीटरवरच्या सोसायटीत तळमजला बुडतो, हे आपल्याकडे २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही पुरांत लोकांनी बघितलंय. यात चमत्कार काही नाही. पूरमैदान, म्हणजे पुराचं पाणी पसरतं ती नदीकाठची जमीन, ज्या रीतीने तयार होतं त्यातच हे आहे.

सपाट मुलखात नदी सरळ वाहत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर असतो, तिथे ती काठ खाते. आतल्या अंगाला पाणी संथ, तिथे वाळू टाकते. असं करत करत नदी शेकडो वर्षांत सगळ्या मैदानभर सरकून येते आणि मागे स्वतःच पसरलेली माती ठेवून जाते. मधूनच एखादं वळण इतकं गोल होतं की पुरात नदी त्याचा गळा कापून सरळ निघते. उरतं ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं तळं. दुसरं काम पुराच्या वेळी होतं. पाणी काठावरून बाहेर पडलं की एकदम उथळ आणि मंद होतं. जाड रेती काठाशीच बसते, बारीक गाळ लांबवर जातो. म्हणून कित्येक नद्यांचा काठ थोडा चढा आणि त्याच्या मागची जमीन खोलगट असते. "लांब आहे" या वाक्याचा इथेच निकाल लागतो: लांबची जमीन ही बऱ्याचदा खालची जमीन असते, आणि तिथे शिरलेलं पाणी परत जायला काठाचाच चढ आडवा येतो.

गाळाच्या मैदानातून मोकळी वाहणारी नदी साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा काठोकाठ भरते. त्याहून मोठं जे काही येईल ते पात्रात मावावं अशी तिची रचनाच नाही. उरलेल्या पाण्यासाठी मैदान आहे. आपण ज्याला "नदीने पात्र सोडलं" म्हणतो, ते नदीच्या हिशेबात नेहमीचं कामकाज आहे.

आता आपली विश्वामित्री. ही जरा वेगळी आहे, आणि पुस्तकातलं चित्र तिला जसंच्या तसं लावलं तर फसायला होतं. पावागडाच्या डोंगरात उगम, वाटेत सूर्या वगैरे नद्या मिळतात, शहर ओलांडून पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते. पावागडाचा डोंगर आठशे मीटरच्या घरात, आपलं शहर चाळीसेक मीटरवर. म्हणजे वरून पाणी घाईने येतं आणि शहरापासून पुढे त्याला उतारच उरत नाही.

पण तिने जुन्या गाळात खोल चर पाडलेला आहे. काठ उंच, उभे. मुख्य पात्राला दोन्ही बाजूंनी घळी येऊन मिळतात, ज्यांना आपण सगळे कोतरं म्हणतो. शाळेत शिकवतात ते रुंद सपाट पूरमैदान शहरात फारसं दिसत नाही, कारण इथे ते काम कोतरं, काठालगतच्या पायरीसारख्या सपाट जागा आणि तळी करतात. पूर चढला की पाणी आधी कोतरांमध्ये मागे सरकतं, तिथे थांबतं, नदी उतरली की परत येतं.

आणि आपण गेली चाळीस वर्षं काय भरत आलोय? कोतरं. मलबा टाकायचा, वर मुरूम, वर पेव्हर ब्लॉक. कोतर महसुली नकाशावर पडीक दिसतं, त्यामुळे कुणाला वाईटही वाटत नाही.

सुरसागरकाठ

काका, उत्तम. यात कांसांचंही, म्हणजे आपल्या नाल्यांचंही, लिहा ना. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावं नव्या लोकांना फक्त वास आला की आठवतात. मुळात त्या तळी आणि नदी यांना जोडणाऱ्या पाण्याच्या वाटा. आमच्या बाजूच्या कांसेवर स्लॅब टाकून आता पार्किंग आहे.

अवांतर: शहरातल्या अकोट्याला जुनं अंकोट्टक गाव होतं. तिथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहेत. ती वस्ती पुढे पूर्वेच्या उंच जागेकडे सरकली आणि त्याचं एक कारण पूर असावं असं सांगतात. त्या लोकांना दलाल भेटला नसावा.

हिशेबी

नकाशेवाला, लेख चांगला आहे पण कोतरांवर तुम्ही फार भार टाकताय. आकडे मांडू. १०० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ६ मीटर खोल असं बऱ्यापैकी कोतर घेतलं तर त्यात १८,००० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे १ कोटी ८० लाख लिटर. ऐकायला खूप. पण ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात शहरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. एका चौरस किलोमीटरवर तेवढा पाऊस म्हणजे ५० कोटी लिटर. एका चौरस किलोमीटरसाठी अशी सत्तावीस-अठ्ठावीस कोतरं लागतील! शहर किती चौरस किलोमीटरचं आहे आणि वरचं पाणलोट क्षेत्र किती? कोतरं सगळी परत उकरली तरी २०१९ किंवा २०२४ थांबलं नसतं.

खोल आणि रुंद करणं हाच त्यातल्या त्यात व्यवहारी मार्ग आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात तेच केलं.

नकाशेवाला

हिशेबी, गुणाकार बरोबर आहे. पण भागाकार कशाने करायचा ते चुकलं. पडलेलं सगळं पाणी साठवायचंच नसतं. बहुतेक पाणी पात्रातून जातंच. घरात शिरतं ते फक्त काठाच्या वरचं, आणि तेही पूर सगळ्यात वर असतो त्या काही तासांत. ऑगस्ट २०२४ मध्ये काला घोडा पुलाजवळ नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे पंचवीस-सव्वीस फुटांच्या आसपास धरतात. आपलं सगळं भांडण त्या वरच्या नऊ-दहा फुटांचं आहे. पूरमैदान पाणी नाहीसं करत नाही, उशीर करतं. वरून येणारा लोंढा आणि शहरात पडलेलं पाणी एकाच तासाला एकाच पुलाखाली येऊ नये, एवढाच उशीर पुरतो.

शिवाय झाडंझुडपं असलेली कोतरं, तळी आणि मोकळी शेतं मिळून पाण्याचा वेग तोडतात. एकट्या कोतराचं घनफळ मोजून हे दिसत नाही.

खोलीकरणाबद्दल. मी सरसकट विरोधात नाही. पुलांच्या कमानीत अडकलेला मलबा, वर्षानुवर्षं टाकलेला कचरा काढलाच पाहिजे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, नदीला हव्या त्यापेक्षा रुंद पात्र दिलं तर तिथे वेग कमी होतो आणि गाळ परत बसतो. हे काम दरवर्षीचं होतं, एकदा करून मोकळं होता येत नाही. दुसरी, शहरातून पाणी लवकर बाहेर काढलं की ते खालच्या गावांत लवकर पोहोचतं. आणि ढाढर आधीच भरलेली असेल तर पुढे जागाच नसते, मग कितीही खोल करा, पाणी मागे तुंबणार. २०२४ मध्ये पाऊस थांबल्यावरही पाणी हटत नव्हतं, आठवतंय ना?

आणि आजवा तलावाचाही नेहमी गोंधळ होतो. सयाजीराव महाराजांनी १८९० च्या आसपास बांधून घेतलेला हा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पिण्यासाठी तो भरलेला हवा, पुरासाठी रिकामा हवा. दोन्ही एकदम होत नाही. दर ऑगस्टमध्ये "बासष्ट दरवाजे उघडले" असे मेसेज फिरतात, त्यामागची खरी ओढाताण ही आहे.

मगरमित्र

खोलीकरण निघालंच आहे तर आमच्या बाजूचंही ऐका. शहरातून जाणाऱ्या नदीत शेकड्यांनी मगरी असलेलं दुसरं शहर मला माहीत नाही. २०२४ च्या पुरात अकोट्याकडे छपरावर बसलेली मगर सगळ्या देशाने बघितली आणि हसली. ती तिथे हौसेने गेली नव्हती.

मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या चढत्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या सुरुवातीला बाहेर येतात. काठात ती बिळंही करते. म्हणजे यंत्रं घालायला माणसांना सोयीचा जो काळ, नेमका तोच तिच्या विणीचा. उभा काठ कापून, एकसारखा उतार करून, त्यावर दगड बसवला की घरटं करायला जागा उरत नाही. कासवांचंही तेच. माशांनाही पूर लागतो: रोहू, कटला पावसाळ्यात पसरलेल्या उथळ पाण्यात अंडी सोडतात.

२०२१ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात नदीच्या क्षेत्राची हद्द आखा, अतिक्रमणं काढा, नदी राखा असं सांगितलंय. हद्द आखणं महत्त्वाचं. काय राखायचं ते जमिनीवर खुणा करून दाखवलं नाही तर राखणार काय?

कृष्णाकाठची

लग्न होऊन बडोद्याला येऊन बरीच वर्षं झाली, पण माहेर सांगलीचं. आमच्याकडे हद्द आखलेली आहे हो, म्हणून सांगते. महाराष्ट्रात पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून. कागदावर सगळं चोख.

आणि तरी २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाच्या पातळीवर माझ्या आईचा पावसाळा चालतो, अजूनही फोनवर पहिलं वाक्य तेच. रेषेच्या आत कॉलन्या उभ्या राहिल्या, नंतर त्या "नियमित" झाल्या, मग त्यांना वाचवायला भिंत बांधा अशी मागणी. माझे आजोबा मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, जमिनीत वांगी पिकवायचे. पूर आला की शिव्या द्यायचे, आणि ओसरल्यावर गाळ हातात घेऊन खूष व्हायचे. पण त्यांनी घर कधी मळीत बांधलं नाही. गावठाण वर, मळी खाली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यासाठी परिपत्रक लागलं नव्हतं.

नवखरेदीदार

धन्यवाद सगळ्यांना, आणि थोडी भीतीही वाटली. ताई, १०० वर्षांतून एकदा म्हणजे माझ्या आयुष्यात बहुधा नाहीच ना? मी लाल रेषेजवळ घर घेतलं तर काय बिघडलं? कर्ज तीस वर्षांचं आहे.

हिशेबी

हे मला करू द्या. १०० वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी नाही. तीस वर्षांच्या कर्जात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात २६. आणि २५ वर्षांच्या पुराची? शंभरात ७१. शिवाय हे सगळं जुन्या पावसाच्या नोंदींवर. पाऊस बदलला, वरची शेतं सोसायट्या झाल्या, तर रेषा कागदावर आहे तिथेच राहते, पाणी राहत नाही.

(वरच्या भागाकाराचा मुद्दा मान्य. पण नियमितपणे गाळ काढला पाहिजे हे माझं म्हणणं कायम.)

नकाशेवाला

नवखरेदीदार, तुमच्यासाठी कामाचं. गुजरातेत महाराष्ट्रासारखी निळी-लाल रेषा तुम्हाला बिल्डरच्या फाइलीत मिळणार नाही. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या विभागणीचा नमुना कायदा १९७५ मध्येच राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला, बाकीच्यांनी फाइल ठेवून घेतली. त्यामुळे स्वतः बघायचं.

सर्वे ऑफ इंडियाचा जुना पन्नास हजारी नकाशा काढा. त्यात कोतरं तपकिरी रेघांनी स्पष्ट दाखवलेली असतात. मग गूगल अर्थवर वर्षं मागे नेत त्याच जागेची चित्रं बघा. हिरवी घळ कोणत्या वर्षी तपकिरी झाली आणि कोणत्या वर्षी तिथे छप्पर आलं ते दिसतं. भरलेल्या कोतरावरची बिल्डिंग असेल तर कंपाउंडची भिंत बघा, भराव दबला की ती आधी तडकते. आजूबाजूच्या जुन्या घरांवर पाण्याची रेघ शोधा. रंग दिलेला असेल तर मागच्या बाजूची भिंत आणि मीटरची पेटी बघा, ती वर सरकवलेली दिसेल. इस्त्रीवाल्याला विचारा, पानवाल्याला विचारा. दलालाला विचारू नका. आणि बिल्डरकडून पार्किंगच्या तळाचा आरएल (समुद्रसपाटीपासूनची उंची) लेखी मागा. जवळच्या पुलावर २०२४ ची पातळी किती होती त्याच्याशी तो ताडून बघा. "रस्त्यापेक्षा तीन फूट वर" हे उत्तर चालत नाही, कारण रस्ता स्वतः कुठे आहे?

सुरसागरकाठ

मीटरची पेटी! आमच्याकडे सगळ्यांनी वर घेतल्या आहेत, मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

एक भाबडा प्रश्न. साबरमतीला केलं तसं दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती बांधल्या तर? फिरायला जागाही होईल.

नकाशेवाला

भिंत दोन गोष्टी करते. पाण्याला पसरायची जागा काढून घेते, त्यामुळे तेच पाणी जास्त उंच चढतं. आणि भिंतीच्या मागे लोकांना वाटतं आता भीती नाही, मग तिथे आणखी घरं होतात. पूर त्या भिंतीवरून गेला की नुकसान आधीपेक्षा जास्त. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या अमेरिकन भूगोलज्ञाने हे १९४० च्या दशकातच मांडलं होतं. मिसिसिपीवर त्याआधी "फक्त बांध" हेच धोरण होतं. १९२७ च्या पुराने ते मोडलं आणि मग पाणी मुद्दाम बाजूला सोडायच्या वाटा बांधल्या गेल्या.

आपल्या देशात कोसी बघा. बांधांमध्ये कोंडल्यावर गाळ बाहेर पसरेना, पात्रातच साचून तळ वर आला. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहाजवळ बांध फुटला. तो साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला होता, आणि त्या दिवशी पाणी त्याच्या पाव भागाइतकंही नव्हतं.

शिवाय बडोद्यात एक जास्तीची अडचण आहे. भिंत बांधली की कांस आणि कोतरांतून येणारं शहराचं स्वतःचं पाणी नदीत जाणार कसं? दरवाजे ठेवावे लागतात. नदी चढलेली असताना ते बंद. आणि मुसळधार पाऊस नेमका तेव्हाच. मग पंप. पंपाला वीज. पुरात वीज बंद. पुढे सांगत नाही.

शेतावरचा

बडोद्यात घर, करजण तालुक्यात ढाढरच्या बाजूला शेत. बराच वेळ वाचतोय. तुम्ही शहरवाले "खालच्या गावांत पाणी लवकर पोहोचतं" असं एका ओळीत म्हणून पुढे जाता, तिथे माझा कापूस उभा असतो. पाच-सहा दिवस पाणी थांबलं की कापूस मुळातून जातो. भात तग धरतो, तूर नाही. गाळ चांगला असतो हे मान्य, कृष्णाकाठची ताईंच्या आजोबांसारखा मीही तो हातात घेऊन बघतो. पण हल्ली गाळाबरोबर प्लास्टिक येतं, थर्माकोल येतो, काचा येतात. त्या वेचायला मजूर लावावे लागतात.

कृष्णाकाठची

दादा, बरोबर आहे तुमचं. मग काय करायला हवं असं तुम्हाला वाटतं? पूरमैदान मोकळं ठेवा म्हणणं सोपं आहे, ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं.

नकाशेवाला

याला नेदरलँड्सचं उदाहरण लागू पडतं. १९९५ च्या पुरात त्यांना अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली. त्यानंतर बांध उंच करत बसण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचा कार्यक्रम त्यांनी घेतला. नायमेखनला बांध ३५० मीटर मागे नेला, पन्नासएक घरं उठवली आणि नदीला जोडप्रवाह खणला. पण शेतावरचा यांच्या कामाची गोष्ट दुसरी आहे. ओव्हरडीप नावाच्या भागात शेतकऱ्यांनी स्वतःच प्रस्ताव दिला: बांध खाली करा, मोठ्या पुरात पाणी आमच्या शेतात येऊ द्या, आम्हाला उंच भरावांवर घरं आणि गोठे बांधून द्या. काही कुटुंबांनी जमीन सोडली, उरलेली भरावांवर राहिली. सरकारने पैसे दिले. त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं कमी आहेत, हे खरं. पण आधी बोलणी झाली, नंतर पाणी सोडलं.

शेतावरचा

अशी बोलणी माझ्याशी करायला कुणी आलं तर मी बसेन. भाव सांगून ठेवतो. मोटर आणि जनावरं हलवायला निदान एक दिवस आधी खबर, मोबाईलवर, आणि गुजरातीत. खरिपाची नुकसानी पंचनाम्याची वाट न बघता, पाण्याची पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की आपोआप, आणि रब्बीच्या पेरणीआधी खात्यात. घर आणि गोठ्याला भराव. आणि शहरातल्या कांसांच्या तोंडाला जाळ्या, म्हणजे कचरा वरच अडेल. एवढं लेखी दिलं तर दहा वर्षांतून दोनदा माझ्या शेतात पाणी आलेलं चालेल. आत्ता ते तसंही येतंच, फुकट येतं.